‘जोखीम’ या एका शब्दात माझं दीड वर्ष गेलं

जून आला की एम.ए. झालेल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. बिहेवियरल इकॉनॉमिक्समध्ये, म्हणजे माणसं पैशाचे निर्णय प्रत्यक्षात कसे घेतात त्या अभ्यासात, पीएच.डी. करायची आहे, सुरुवात कुठून करू? नफा-तोटा माणूस कसा तोलतो ते सांगणारी प्रॉस्पेक्ट थिअरी त्यांना पाठ असते, २००२ चं आणि २०१७ चं नोबेल कोणाला आणि कशासाठी मिळालं तेही माहीत असतं. म्हणून ते इथे उगाळत नाही. मला जे कुणी सांगितलं नाही तेच सांगते. त्यातही एकच गोष्ट लांबवणार आहे, कारण ती मला फार महागात पडली.

माझा विषय भिशी. मी भांडुपच्या चाळीत वाढले. आमच्या मजल्यावर बारा बायकांची भिशी होती, दरमहा पाचशे. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून एकीचं नाव काढायचं, त्या महिन्याचे सहा हजार तिचे. आईची मात्र अट असे, माझा नंबर शेवटी ठेवा. एम.ए.ला आल्यावर हे टोचायला लागलं. पुस्तकी हिशेबाने पहिला नंबर सगळ्यात फायद्याचा, बिनव्याजी कर्जच ते. शेवटी घेणारी अकरा महिने दुसऱ्यांना बिनव्याजी पैसे देते, वर मध्येच कुणी भिशी बुडवली तर फटका तिला. मग आई असं का करायची? “आधी हातात आले की घरात विरघळतात गं,” एवढंच तिचं उत्तर.

फिलिपीन्समधल्या एका बँकेने ग्राहकांना असं खातं देऊ केलं होतं, ज्यातून स्वतः ठरवलेली तारीख येईपर्यंत किंवा स्वतः ठरवलेली रक्कम जमेपर्यंत पैसे काढता येत नाहीत. २००६ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात ज्यांना हे खातं देऊ केलं त्यातल्या २८ टक्के लोकांनी ते घेतलं. ते वाचलं आणि मला आईचं वाक्य आठवलं. माझा प्रश्न त्या दिवशी ठरला. रिसर्च इंटरेस्ट असा घरातून आला तर पाच वर्षं पुरतो. सध्या काय चालतंय ते बघून घेतलेला दुसऱ्या वर्षीच जड होतो, हे माझं ठाम मत आहे.

आता तो खड्डा.

शेवटचा नंबर मागणाऱ्या बायका पैशाला कुलूप लावू पाहतात, की मुळातच त्यांना भिशी बुडण्याची भीती कमी वाटते? हे दोन वेगळं करायचं तर धोक्याबद्दलची वृत्ती मोजायला हवी. त्यासाठी बहुतेक जण उचलतात ते होल्ट आणि लॉरी या अर्थशास्त्रज्ञांचं २००२ चं कोष्टक. दहा ओळी, प्रत्येक ओळीत ‘अ’ किंवा ‘ब’ निवडायचं. ‘अ’मध्ये २ डॉलर किंवा १.६०. ‘ब’मध्ये ३.८५ किंवा फक्त ०.१०. पहिल्या ओळीत मोठी रक्कम मिळण्याची शक्यता १० टक्के, मग प्रत्येक ओळीला दहाने वाढत दहाव्या ओळीत १००. वरून खाली येताना माणूस कुठेतरी एकदा ‘अ’ सोडून ‘ब’वर जातो. जितका उशिरा जातो तितका तो सावध. दहाव्या ओळीत दोन्ही रकमा पक्क्याच, तिथे ३.८५ सोडून २ कोण घेईल?

मी डॉलरचे रुपये केले, एका रात्रीत मराठी केलं, झेरॉक्स काढल्या आणि थेट शंभरेक बायकांकडून भरून घेतल्या. पायलट, म्हणजे आधी थोड्या जणींवर चाचणी, केला नाही. भाषा माझी, चाळ माझी, पायलट कशाला, असं वाटलं. घरी येऊन गठ्ठा उघडला तर निम्म्याहून जास्त कागदांवर अ, ब, अ, अ, ब, अ. कित्येकींनी दहाव्या ओळीतही ‘अ’वर खूण केलेली.

तेव्हा ज्यांचा सल्ला मी घेत होते त्यांनी सांगितलं, विसंगत उत्तरं गाळा, उरलेल्यांवर रिग्रेशन (कशाचा कशाशी किती संबंध ते काढणारं गणित) चालवा, सगळे तेच करतात. मी गाळली. निकाल सुंदर आला. तो एका सेमिनारमध्ये मांडला तेव्हा मागच्या रांगेतून एका बाईंनी विचारलं, “ज्या गाळल्या, त्या कोण होत्या?” मला सांगता येईना. घरी येऊन यादी काढली. बहुतेक सगळ्या सातवीच्या आत शाळा सुटलेल्या, वयाने मोठ्या, कित्येक वर्षं भिशी चालवणाऱ्या. शिकलेल्या तरुण बायकांचं उत्तर मी अख्ख्या चाळीचं म्हणून सांगत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग तेच कागद घेऊन परत गेले. एक मावशी गॅलरीत बसून लसूण सोलत होत्या. त्यांचा कागद त्यांच्यापुढे धरला आणि विचारलं, असं का निवडलंत? “एकाच बाजूचं सारखं कसं घ्यायचं बाई? दोन्हीकडचं थोडं थोडं घेतलं.” शेजारच्या म्हणाल्या, टक्के आले की मी पोरीला विचारते, त्या दिवशी ती शाळेत होती. एकीला तो सगळा प्रकार मटक्यासारखा वाटला होता, म्हणून तिने सगळीकडे ‘अ’ केलं होतं. कागदाच्या डोक्यावर मी लिहिलं होतं, ‘तुम्ही किती जोखीम घेऊ शकता?’ मावशींनी लसणाच्या बोटाने तीच ओळ दाखवली. “किती म्हणजे? सगळी जोखीम माझ्यावरच आहे. ह्यांचं औषध, पोरांची फी, सासूबाईंची माळ.”

आपल्याकडे जोखीम म्हणजे जबाबदारी. जोखीम म्हणजे सांभाळायला दिलेला दागिना. ‘गळ्यात जोखीम आहे, एकटी येऊ नकोस,’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलेलं. मी रिस्क विचारत होते आणि त्या कर्तेपणाचं उत्तर देत होत्या. शब्दकोशात माझं भाषांतर बरोबर होतं. गॅलरीत ते चूक होतं.

यावरचा उपाय कधीच छापून आलेला होता आणि मी तो वाचला नव्हता. अर्थशास्त्रज्ञ हान्स बिन्सवांगर यांनी महाराष्ट्र आणि आंध्रातल्या कोरडवाहू गावांत शेतकऱ्यांबरोबर केलेले प्रयोग १९८० साली प्रसिद्ध झाले. टक्के नाहीत, दहा वेळा निवडणं नाही. फक्त छापा-काटा. ५० रुपये पक्के, नाहीतर ४५ किंवा ९५, नाहीतर ४० किंवा १२०, असं करत शेवटी शून्य किंवा २००. यातलं एक निवडायचं, नाणं उडवायचं, पैसे हातात. मी ते घेतलं आणि नाण्याच्या जागी आमचाच डबा ठेवला. पाच लाल चिठ्ठ्या, पाच पांढऱ्या, बाईच्या डोळ्यांसमोर मोजून टाकायच्या आणि तिनेच काढायची. जोखीम हा शब्द कुठेही नाही. एक पर्याय मुद्दाम असा ठेवला, जो समजलेल्या माणसाने घेऊच नये. तो घेणाऱ्या फार थोड्या निघाल्या. निकाल पहिल्याइतका सुंदर आला नाही. पण तो त्या बायकांचा होता.

म्हणून हात जोडून सांगते, पायलट करा. दहा माणसं पुरतात, पण ती कॉलेजातली नकोत. तुमच्या नमुन्यात सगळ्यात कमी शिकलेलं माणूस असेल त्याच्यापासून सुरू करा. प्रश्न वाचून झाला की उत्तर घेऊ नका. ‘मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा,’ असं म्हणा आणि गप्प बसा. तुमचं मराठी अशा कुणाकडून पुन्हा इंग्रजी करून घ्या ज्याने मूळ पाहिलेलं नाही. मैत्रिणीला मूळ दाखवून ‘बरोबर आहे ना?’ विचारणं म्हणजे तपासणी नव्हे. गुगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवून थीसिस करणाऱ्यांबद्दल मला काही चांगलं बोलता येत नाही.

गाळणं हा या क्षेत्रातला सगळ्यात सोपा शॉर्टकट आहे. आणि छापून आलेले सुंदर निकालही सगळे टिकत नाहीत. २०१६ साली प्रयोगशाळेतले अर्थशास्त्राचे १८ प्रयोग पुन्हा करून पाहिले, त्यातले ११ टिकले. प्रामाणिकपणावरचा २०१२ चा एक गाजलेला शोधनिबंध आकडेच खोटे निघाल्यामुळे २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला. काय गाळणार आणि का, हे डेटा यायच्या आधी लिहून, तारीख घालून ठेवा.

आणि चुकलात तर घाबरू नका. एक पूर्ण फेरी वाया जाऊनही पीएच.डी. होते, माझी झाली. त्या दीड वर्षातली विसंगत उत्तरं पुढे माझ्या प्रबंधाचं एक स्वतंत्र प्रकरण बनली.

मार्गदर्शक निवडताना नाव बघू नका. त्यांच्या विद्यार्थ्यांना गाठून एवढंच विचारा, सरांनी किंवा मॅडमनी तुमचा कच्चा डेटा शेवटचा कधी उघडून पाहिला? उत्तर द्यायला वेळ लागला तर पुढचं दार ठोठवा.

मुंबईत दारं आहेत. कलिन्याला विद्यापीठाचा विभाग, गोरेगावला रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये उभी केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, पवईला आयआयटी, देवनारला टिस (टाटा समाजविज्ञान संस्था). गणित कच्चं असेल तर आधी मायक्रोइकॉनॉमिक्स आणि इकॉनॉमेट्रिक्स (अर्थशास्त्रातलं संख्याशास्त्र) पक्कं करा, गोष्टीवेल्हाळ पुस्तकांवर मुलाखत निघत नाही. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप, मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढे ४२ हजार, वर घरभाडं. पीएच.डी. झाल्यावर लगेच कायम जागा मिळेल असं धरून कर्ज काढू नका. तासिका तत्त्वावर दोन-तीन कॉलेजं धरून लोकलमध्ये पेपर तपासणारे हुशार लोक मी रोज बघते. मीही त्यातून गेले आहे. ती वर्षं कठीण असतात, पण त्याच वर्षांत टीवायच्या वर्गात शिकवताना मला माझा पुढचा प्रश्न सापडला.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. अर्थशास्त्राच्या प्रयोगात खरे पैसे द्यायचे आणि भाग घेणाऱ्याला फसवायचं नाही, हा नियम कडक आहे. नीतिसमितीची परवानगी आधी घ्या. दहा-वीसच्या नोटा आदल्या दिवशीच सुट्ट्या करून आणा. व्हाउचरवर सही मागितली की बायका कर्जाचा कागद समजून उठून जातात, तेव्हा तो मराठीत छापा, मोठ्याने वाचून दाखवा आणि पैसे आधी त्यांच्या हातात द्या, सही नंतर घ्या.