मागच्या वर्षीची सुट्टी मी ऑन एअर दिली

आरजे व्हायचंय म्हणणाऱ्यांना आवाज कसा कमवायचा, डेमो कसा पाठवायचा हे सांगणारे ढीगभर आहेत, ते मी सोडते. मी जिथे आपटले तेवढंच सांगते.

खासगी एफएमवर आपल्याला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत हे तुम्हाला माहीत असेलच. 2011 च्या सरकारी एफएम धोरणात, म्हणजे तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात, आकाशवाणीचं बुलेटिन जसंच्या तसं लावायची मुभा मिळाली, एक शब्द न बदलता. ट्रॅफिक, हवामान, परीक्षेचे निकाल, पाणी-लाइट हे बातमीत धरत नाहीत. पूर, साथीचा रोग वगैरेच्या सूचनापण चालतात, पण स्थानिक प्रशासनाने दिलेल्या. या 'पण'कडे माझं लक्षच नव्हतं.

जुलै महिना, धो धो पाऊस, मॉर्निंग शो. फॅमिली ग्रुपवर कलेक्टर ऑफिसचं पत्र आलं, शाळांना सुट्टी. शिक्का खरा, सही खरी, मी लिंकमध्ये, म्हणजे दोन गाण्यांच्या मधल्या बोलण्यात, वाचून मोकळी झाले. तारीख मागच्या वर्षीची होती! तारीख तेवढी वाचली नाही. अर्ध्या तासात पालकांचे फोन, शाळांचे फोन, रिसेप्शनवरची ताई रडकुंडीला आली.

इथपर्यंत चूक होती हो, माणूस आहे, होते. खरा घोळ पुढे घातला. एक सिनियर कानात म्हणाला, लिसनरचा कॉल होता म्हण, कोण बघतंय, आणि मी प्रोग्रॅमिंग हेडसमोर तसंच बोलले. आता हे नीट ऐका, कारण सगळे इथेच मार खातात: जे काही ऑन एअर जातं ते रेकॉर्ड होतं, आणि ते 3 महिने जपून ठेवणं लायसनच्या अटीतच आहे. कॉल, लिंक, खोकला, सगळं. सरांनी 7 वाजून 40 मिनिटांचं रेकॉर्डिंग लावलं, त्यात माझ्याशिवाय कुणाचाच आवाज नव्हता. चुकीबद्दल ओरडा मिळाला असता, खोट्याबद्दल दोन आठवडे माइक गेला. तो सिनियर तेव्हा कँटीनमध्ये होता. 'कोण बघतंय' म्हणणाऱ्याला गुरू करू नका, बाकी कितीही भारी आवाज असू दे.

घाबरू नका पण. दोन आठवड्यांनी मला रात्रीचा शो मिळाला, पुढे सकाळपण परत आली. आकाशवाणीचीच कार्यक्रम आणि जाहिरात संहिता आपल्याला लागू आहे, ती एकदा बसून वाचा, कंटाळवाणी आहे, तरी वाचा. आणि दुकानदाराने ड्रेस दिला म्हणून लिंकमध्ये त्याचं नाव घुसडणं, त्यावर तर मी बोलतच नाही.

आता पाऊस वाढला की मी आपत्ती नियंत्रण कक्षाला फोन लावते, तो हमखास एंगेज. परवा नवीन मुलगी म्हणाली, ताई, दुसऱ्या चॅनेलने सांगूनपण टाकलं. म्हटलं सांगू दे, तू अजून एक गाणं लाव.