सीएस२ मेजरचा अंदाज नीट कसा बांधायचा: भाव, मॅप, फॉरमॅट आणि मित्रांची पॉइंट लीग

आधी कायद्याचं सांगतो, कारण विचारणारे बरेच आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत ऑनलाइन गेमिंगचा कायदा पास झाला, त्यात ईस्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता आहे पण पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम आणि बेटिंग बंद. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत जेल, १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. तरीही टेलिग्रामवर नवनवीन ॲपच्या लिंका फिरतातच, त्यावर क्लिक करू नका, तिथे पैसे अडकले की कुणाकडे दाद मागणार? त्यामुळे खाली जे लिहिलंय ते मित्रांमध्ये पॉइंटवर खेळण्यासाठी आहे. पद्धत मात्र तीच, जी लायसन्स असलेल्या देशांत मुरलेले लोक वापरतात, आणि माझ्या मते खरी मजा त्या पद्धतीतच आहे.

उदाहरणाला काउंटर-स्ट्राइक (पाच-पाच जणांच्या दोन टीमचा शूटिंग गेम, आताची आवृत्ती सीएस२, आधीची सीएस:गो) घेऊ, कारण त्याचा डेटा भरपूर मिळतो आणि मेजर, म्हणजे त्याची सगळ्यात मोठी स्पर्धा, वर्षातून दोनदा असते.

पहिलं काम म्हणजे कुठल्याही बुकीचा भाव (१ रुपया लावून जिंकलात तर किती परत मिळतात तो आकडा) किंवा यूट्यूबरचं मत बघायच्या आधी स्वतःचा टक्का लिहून ठेवा. व्हिटॅलिटी ही टीम जिंकेल असं नाही, व्हिटॅलिटी ७० टक्के असं. एकदा भाव डोळ्यासमोर आला की आपलं मत त्याच्याकडेच सरकतं, मग तुम्ही अंदाज नाही बांधत, कॉपी करता.

मग भाव कसा वाचायचा ते. समजा एका टीमचा भाव १.४० आणि दुसरीचा २.८०. १ ला भावाने भागा, पहिलीचे ७१.४ टक्के येतात, दुसरीचे ३५.७. बेरीज १०७.१. आता दोन टीमची मिळून शक्यता शंभरच्या वर जाऊच शकत नाही ना, तर वरचे ७.१ म्हणजे बुकीचा कट. तो काढून टाकला की खरा आकडा ६६.७ आणि ३३.३. म्हणजे १.४० बघून "७१ टक्के फेव्हरिट आहे" म्हणणारा सुरुवातीलाच चुकलाय. आणि म्हणूनच नुसतं जिंकणारी टीम ओळखून बुकीसमोर काही होत नाही, तुमचा टक्का त्याच्या टक्क्यापेक्षा बरोबर असावा लागतो, तोही कट भरून निघेल इतका. बहुतेकांचा नसतो. पाच मॅचची एकत्र पैज तर विसराच, प्रत्येक मॅच ७० टक्क्यांची धरली तरी पाचही बरोबर यायची शक्यता १७ टक्क्यांच्या आत आहे.

आता फॉरमॅट. मॅप म्हणजे एका मैदानावरचा एक पूर्ण डाव, आणि बेस्ट ऑफ थ्री म्हणजे तीनपैकी दोन मॅप जिंकायचे. एक मॅप जिंकायची शक्यता ६० टक्के असेल तर बेस्ट ऑफ वनमध्ये ६०च, बेस्ट ऑफ थ्रीमध्ये जवळपास ६५, बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये ६८. म्हणजे जितके मॅप जास्त तितकं फेव्हरिटला बरं, पण लोकांना वाटतं तितका मोठा फरक पडत नाही. त्यात सीएस२ आल्यापासून १३ राउंड जिंकले की मॅप संपतो, सीएस:गोमध्ये १६ लागायचे, त्यामुळे दोन्ही पिस्टल राउंड (प्रत्येक हाफचा पहिला राउंड) आणि त्यामागचे एकदोन राउंड गेले की सावरायला वेळच कमी उरतो. बेस्ट ऑफ वनमध्ये ८५-९० टक्के लिहायचा मोह होतो, नका लिहू.

सगळ्यात जास्त वेळ व्हेटोवर, म्हणजे कुठले मॅप खेळायचे हे टीम कसं ठरवतात त्यावर, घालवा. बेस्ट ऑफ थ्रीमध्ये दोघं एकेक मॅप बॅन करतात, मग एकेक पिक, परत एकेक बॅन, सातपैकी उरतो तो डिसायडर, म्हणजे १-१ झालं तर खेळायचा मॅप. टीमचं रँकिंग बघून टक्का लिहिणारे आणि व्हेटो बघून लिहिणारे यांच्यात खूप फरक असतो. एचएलटीव्ही या स्टॅट्सच्या साइटवर प्रत्येक टीमचं गेल्या तीन महिन्यांचं मॅपवाइज रेकॉर्ड मिळतं, त्यात तीन गोष्टी शोधा: टीम कुठला मॅप कायम बॅन करते, कुठला कायम पिक करते, आणि डिसायडर म्हणून बहुतेक काय उरेल. खालच्या रँकची टीम न्यूक या मॅपवर भारी असेल आणि समोरची टीम न्यूक बॅन करत नसेल तर तो एक मॅप जवळजवळ ५०-५० धरा. ऑस्टिन २०२५ मेजरच्या फायनलला व्हिटॅलिटी एवढ्या फॉर्मात असून द मंगोल्झने एक मॅप घेतलाच, २-१ झालं. मात्र ७ मॅप खेळून ७१ टक्के विन रेट आणि ३० मॅप खेळून ७१ टक्के हे सारखे धरू नका, पहिल्यात दोन मॅच इकडच्या तिकडे झाल्या की सगळं चित्र बदलतं. आणि कुणाविरुद्ध जिंकले तेही बघा.

लाइव्ह बघताना हाफचा स्कोअर साइडसकट वाचायचा, कारण एका हाफला टीम सीटी साइडला (डिफेन्स) असते आणि दुसऱ्या हाफला टी साइडला (अटॅक). न्यूक हा डिफेन्सवाल्यांना झुकतं माप देणारा मॅप म्हणून ओळखला जातो, तिथे सीटी साइडला ७-५ ने पुढे असलेली टीम खरं तर फार पुढे नाहीये, समोरचे टी साइडवर ५ राउंड घेऊन खुश असतात. हे ज्याला कळलं त्याला लाइव्ह अंदाज जमायला लागतात.

रोस्टर चेक केल्याशिवाय काहीच लॉक करू नका. कुणाचा व्हिसा अडकतो, कुणी आजारी पडतो, स्टँड-इन (बदली खेळाडू) येतो, आणि इन-गेम लीडर (मॅचमध्ये कॉल देणारा) बदलला असेल तर जुना डेटा अर्धा टाकून द्यावा असं माझं मत आहे. बाकी कुणी खेळाडू बदलला तर दोन महिन्यांत टीम परत जमते, कॉल देणारा बदलला की तेवढ्यात नाही जमत. स्पर्धेच्या सात मॅपच्या पूलमध्ये नवीन मॅप आला की पहिले काही आठवडे सगळ्यांचेच टक्के ५० कडे ओढा.

मेजरमधला स्विसचा स्टेज, जिथे सारख्या रेकॉर्डच्या टीम एकमेकांशी भिडतात, वेगळा विचार मागतो. १६ टीम, ३ जिंकले की पुढे, ३ हरले की घरी. पिक'एममध्ये (मेजरसाठीचा अंदाज बांधायचा खेळ) ३-० कोण जाणार हे सगळे सगळ्यात फेव्हरिट टीमवर टाकतात, पण तीनही मॅचला ७० टक्के असलेली टीमसुद्धा ३-० जाते ३४ टक्के वेळा. त्यामुळे ३-० च्या दोन जागा चुकल्या तर वाईट वाटून घेऊ नका, बाकीच्या 'पुढे जाणार'च्या जागांवर पॉइंट कमवा. आणि ०-२ झालं म्हणून टीमला मोडीत काढू नका, क्लाउड९ ही टीम बॉस्टन २०१८ च्या मेजरला ०-२ वर होती, तिथून पुढे गेली आणि फेझला फायनलमध्ये डबल ओव्हरटाइममध्ये हरवून मेजर घेऊन गेली.

आता लीग. नुसतं बरोबर-चूक मोजलं तर कोण खरंच चांगला आणि कोण फक्त फेव्हरिट निवडतोय ते कळत नाही, त्यासाठी ब्रायर स्कोअर वापरा, गुगल शीटमध्ये एका कॉलमचं काम आहे. तुम्ही लिहिलेला टक्का दशांशात घ्या, टीम जिंकली तर १ मधून वजा करा, हरली तर ० मधून, आणि त्याचा वर्ग करा. ७० टक्के लिहून जिंकलात तर ०.०९, हरलात तर ०.४९. प्रत्येक वेळी ५०-५० लिहिणाऱ्याला कायम ०.२५. ९५ टक्के लिहून हरलात तर ०.९०, म्हणजे एका मॅचमध्ये आठवड्याची मेहनत पाण्यात. सरासरी जितकी कमी तितकं चांगलं. पन्नासेक मॅच झाल्या की ७० टक्के लिहिलेल्या सगळ्या मॅच एकत्र काढा आणि त्यातल्या खरोखर किती जिंकल्या ते मोजा. दहात सातच्या आसपास असेल तर तुमचा अंदाज पक्का आहे, दहात पाच असेल तर तुम्ही स्वतःवर जरा जास्तच खुश आहात, टक्के खाली आणा.

बीजीएमआयवाल्यांनी हे जसंच्या तसं वापरू नका, तिथे एका लॉबीत १६ टीम, पोझिशनचे आणि किलचे पॉइंट वेगळे, झोन कुठे पडेल ते कुणाच्या हातात नाही. तिथे विनर नका ओळखू, टॉप ५ मध्ये कोण असेल त्याचे टक्के लिहा.

'फिक्स मॅच' विकणाऱ्यांपासून लांब राहा. फिक्सिंग खरंच झालंय, आयबायपावर टीमच्या खेळाडूंनी २०१४ मध्ये मॅच मुद्दाम हरली आणि जानेवारी २०१५ मध्ये गेम बनवणाऱ्या वाल्व्हने त्यांना बॅन केलं, पण ज्याला खरंच माहीत असतं तो तुम्हाला ५०० रुपयांत कशाला सांगेल. त्यांची पद्धत साधी आहे: अर्ध्या लोकांना एक टीम सांगायची, अर्ध्यांना दुसरी, जे बरोबर आले त्यांच्याकडून पुढच्या वेळी जास्त घ्यायचे.

आणि परदेशात राहणारे, जिथे हे कायदेशीर आहे तिथे ज्यांना लावायचंच आहे, त्यांनी आधी अख्खी एक मेजर कागदावर खेळून स्वतःचा ब्रायर बुकीच्या कट काढलेल्या टक्क्यांच्या ब्रायरशेजारी ठेवून बघा. त्याच्यापेक्षा कमी आला नाही तर पैसे खिशातच ठेवा. आला तरी एकच मेजर आहे ती, दुसरीही कागदावरच खेळा.

लीगमध्ये अंदाज लॉक करायची वेळ व्हेटोच्या आधी ठेवायची की नंतर, हे सुरुवातीलाच ठरवा, नाहीतर पहिल्याच दिवशी ग्रुपवर भांडण. मी म्हणेन आधी एक कॉलम आणि व्हेटो झाल्यावर दुसरा, दोन्ही मोजा, म्हणजे व्हेटोचा अंदाज कुणाला जमतो तेही दिसेल.