बर्फात सह्याद्रीची सवय नडते: या चुका टाळा

घाटमाथ्यावरून कोकणात उतरायचं तर आपण नाळ, म्हणजे डोंगरातली अरुंद घळ, शोधतो. हिवाळ्यात गुलमर्गला किंवा उत्तराखंडात गेल्यावरही पाय आपसूक नाळेकडेच वळतात. बर्फात ही सवय सगळ्यात आधी सोडा. हिमस्खलन झालं की वरच्या उतारावरून सुटलेला बर्फ नाळेतच येऊन साचतो. मोकळ्यावर जो गुडघाभर पसरला असता, तोच इथे दोन पुरुष खोल गाडतो. वारा खावा लागला तरी सोंडेवरून, म्हणजे डोंगराच्या उंच धारेवरून चाला.

उताराचा अंदाजही आपला चुकतो. उभा कडा बघून धडकी भरते खरी, पण त्यावर बर्फ फार टिकत नाही, थोडाथोडा झडून जातो. मोठी हिमस्खलनं बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात, म्हणजे आपण ज्याला ‘एवढं काय त्यात’ म्हणतो तिथे. ट्रेकिंग पोल उताराच्या रेषेत बर्फावर आडवा टाका, त्यावर फोन धरून कोन मोजा. 25 आला तरी मान वर करून बघा. डोक्यावरचा उतार 38 असेल तर तुमच्या 25 ला काही अर्थ नाही.

‘आभाळ निवळलं, चला’ हे तर ठरलेलं वाक्य. मोठ्या बर्फवृष्टीनंतरचे पहिले 24 ते 48 तास सर्वांत बेभरवशाचे असतात. त्यात वारा असेल तर तो एका अंगाचा बर्फ उचलून धारेपलीकडे आडोशाला थापतो. असा थर पायाखाली डफासारखा पोकळ वाजतो. थोडं खणून तळाचा बर्फ मुठीत घ्या. जाड्या साखरेसारखा बोटांमधून सांडला, गोळा झालाच नाही, तर वरचा थर त्या सुट्या कणांवर नुसता टेकलेला आहे. चालताना ‘धप्प’ करून बर्फ खचला किंवा पायापासून भेग पळत गेली, तर तिथे चर्चा नको, आल्या पावली मागे फिरा. पुढच्यांची पावलं उमटलेली दिसतात म्हणून निर्धास्त होऊ नका. दहा जण जातात आणि अकराव्याचा पाय नेमका पातळ जागी पडतो.

धोका फक्त जानेवारी-फेब्रुवारीत, हाही गैरसमजच. उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा-2 शिखराजवळ नेहरू पर्वतारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली ती 4 ऑक्टोबर 2022 ला. 29 जण गेले, त्यांत प्रशिक्षकही होते.

नुसतं हवामानाचं अ‍ॅप बघून निघू नका. डीआरडीओची चंडीगडची संस्था, डीजीआरई, हिमस्खलनाचे वेगळे इशारे देते, तेही जिल्हा आणि उंची धरून.

राहिला बीकन, म्हणजे गाडलेल्याचा ठाव लावणारं छोटं रेडिओ-यंत्र. तो सॅकमध्ये नको. अंगावर, जॅकेटच्या आत, आणि निघतानाच चालू. सोबत प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) आणि फावडं हवंच, कारण थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट बसतो, हातांनी उकरत नाही. गाडलेल्याला वाचवायला जेमतेम 10-15 मिनिटं मिळतात. शोधताना स्वतःचा फोन बीकनपासून अर्धा मीटर तरी लांब ठेवा, नाहीतर बाण भलतीकडेच दाखवतो.