अपुऱ्या मिनिएचरची दुरुस्ती : कामाला बसण्यापूर्वीची तयारी

कोणीतरी खेळून ठेवून दिलेल्या वॉरगेम मिनिएचरची, म्हणजे टेबलावरच्या युद्धखेळातल्या छोट्या सैनिकांची, पेटी घरी आली की हात आधी सुपरग्लूकडे जातो. माझे सांगणे असे की ती बाटली पहिले दोन दिवस कपाटातच राहू द्यावी. कोणाचा हात नाही, कोणाच्या भाल्याचे टोक नाही, कोणाला बैठकच, म्हणजे पायाखालची चकतीच, नाही, हे डोळ्यांना लगेच दिसते. पण उरलेला सैनिक कशाचा बनलेला आहे हे चटकन कळत नाही, आणि गोंद कोणता, रंग कशाने काढायचा, भोक किती जोराने पाडायचे हे सगळे त्यावरच ठरते.

म्हणून पेटी रिकामी करून प्रत्येक तुकडा हातात घ्यावा आणि पदार्थानुसार ढीग लावावेत. धातूचा सैनिक वजनावरूनच ओळखू येतो. कडक प्लास्टिकचा, म्हणजे पॉलिस्टायरीनचा, हलका असतो आणि टेबलावर हळूच टाकल्यास टणक, कोरडा आवाज करतो. रेझिनच्या, म्हणजे साच्यात ओतून घट्ट केलेल्या राळेच्या, सैनिकाच्या तलवारीसारखे बारीक भाग न वाकता तुटतात. मऊ प्लास्टिकचा भाला मात्र वाकतो आणि सोडल्यावर पुन्हा सरळ होऊ पाहतो. तरीही शंका उरली, तर सैनिकाच्या तळपायाखाली किंवा झग्याच्या आतल्या बाजूस प्लास्टिक सिमेंटचा लहानसा थेंब लावून पाहावा. पृष्ठभाग मऊ, चिकट झाला तर ते बहुधा पॉलिस्टायरीन आहे आणि त्याचे सांधे याच सिमेंटने अक्षरशः वितळून एकजीव होतील. धातूवर आणि रेझिनवर हे सिमेंट काहीच करत नाही. तिथे सुपरग्लू किंवा दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद लागतो.

धातूच्या ढिगाकडे जरा अधिक लक्ष द्यावे. 1990 च्या दशकापर्यंत अनेक उत्पादकांच्या मिश्रधातूत शिसे असे, आणि तो जुना सैनिक बाहेरून नव्यासारखाच दिसू शकतो. त्यामुळे जुना धातू कानशीने घासायचा असेल तर तो पाण्याने ओला करून घासावा, चुरा फुंकरीने न उडवता ओल्या फडक्याने टिपावा, काम संपेपर्यंत हात तोंडाला लावू नये आणि नंतर ते साबणाने धुवावेत. रेझिनची धूळही फुप्फुसांना अपायकारक असते. तिथेही ओला पॉलिश पेपर आणि तोंडावर धूळ रोखणारा मास्क आधीच काढून ठेवावा.

मग जुना रंग आणि जुना गोंद. रंगाचे तीन-चार थर बसलेल्या सैनिकावर नवा हात जोडला, तर तो रंगाला चिकटतो, सैनिकाला नव्हे, आणि पहिल्याच धक्क्याला सालपटासकट निघून येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही तास भिजवून जुन्या टूथब्रशने घासल्यास बहुतेक ॲक्रिलिक रंग सुटतात. रेझिनच्या बाबतीत आधी एकाच कमी महत्त्वाच्या तुकड्यावर थोडा वेळ प्रयोग करून पाहावा. ॲसिटोन फक्त धातूसाठी; पॉलिस्टायरीनचा सैनिक त्यात विरघळून लगदा होतो. दोन्ही द्रवांपासून ज्योत दूर आणि खिडकी उघडी हवी; हातात अल्कोहोलसाठी नायट्राइलचे, तर ॲसिटोनसाठी ब्युटाइल रबराचे हातमोजे हवेत. सुती हातमोजे घालून सुपरग्लू कधीच हाताळू नये, कारण कापसाशी त्याची प्रक्रिया वेगाने होते आणि त्या उष्णतेने बोट भाजते.

आधीच्या मालकाने एखादा हात वेडावाकडा चिकटवलेला असेल, तर तो पिरगाळून काढू नये. सुपरग्लू थंडीत ठिसूळ होतो. सैनिक पिशवीत घालून एक-दोन तास फ्रीझरमध्ये ठेवावा आणि बाहेर काढताच सांध्यावर अंगठ्याने दाब द्यावा. बरेचदा सांधा टक् असा आवाज करून स्वच्छ सुटतो. प्लास्टिक सिमेंटने जोडलेला भाग मात्र असा सुटत नाही. तिथे बारीक करवत हवी.

आता कुठे काय नाही याची नोंद करण्याची वेळ येते. ती कागदावरच करावी, आणि प्रत्येक सैनिकापुढे तीनपैकी एक गोष्ट लिहावी : सुट्या भागांच्या डबीत जुळणारा तुकडा आहे, तो घडवावा लागेल, किंवा त्याच्याशिवाय सैनिकाची मांडणी बदलता येईल. डबीतला तुकडा निवडताना 28 मिलिमीटर एवढा सैनिकाच्या मापाचा आकडा पुरत नाही. त्याच मापाच्या दोन सैनिकांत एकाची मूठ दुसऱ्याच्या दीडपट असू शकते. म्हणून हात हाताशेजारी आणि डोके डोक्याशेजारी धरून पाहावे. ढाल, पट्टा, भाल्याचा दांडा, झेंड्याचे कापड हे भाग प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून, तारेतून किंवा पुटीतून (दोन भाग एकत्र मळल्यावर हळूहळू घट्ट होणाऱ्या लगद्यातून) कोणालाही घडवता येतात. चेहरा मात्र घडवायला जाऊ नये असे मला मनापासून वाटते; तिथे शिरस्त्राण घातलेले सुटे डोके शोधावे.

जड किंवा बाहेर झुकलेल्या भागाला नुसता गोंद टिकत नाही, आत तारेची पिन लागते. त्यासाठी हाताने फिरवायचे छोटे ड्रिल, 1 मिलिमीटरचे पाते आणि तेवढ्याच जाडीची पितळी तार काढून ठेवावी. दोन भोके समोरासमोर येणे हाच यातला अवघड भाग आहे. खांद्यात भोक पाडून त्यात तार बसवावी, तिचे टोक अगदी केसभर बाहेर ठेवावे, टोकावर ओल्या रंगाचा ठिपका द्यावा आणि हात जागेवर हलकेच टेकवावा. हाताच्या कापलेल्या बाजूवर ठिपका उमटतो. दुसरे भोक तिथेच पाडायचे. सुईच्या टोकाने आधी खळगा केला तर पाते घसरत नाही.

पुटीची तयारी तिचे दोन रंग एकत्र मळण्याआधीच सुरू होते. निळी-पिवळी पुटी पट्टीच्या रूपात असेल, तर दोन्ही रंग जिथे एकमेकांना टेकलेले असतात ती मधली रेघ सुरीने कापून टाकावी, कारण तिथे ती पडल्यापडल्याच घट्ट झालेली असते आणि मळताना तिचे कण बारीक कोरीवकामात आडवे येतात. शेजारी पाण्याची वाटी ठेवावी, म्हणजे ओली केलेली बोटे आणि अवजारे चिकटणार नाहीत. मळल्यावर साधारण दीड तास ती आकार घेते, पण पहिली काही मिनिटे फार चिकट असते, तेव्हा लगेच बारीक काम काढू नये. तिच्यापेक्षा कडक, घासून धार काढता येणारी पुटी तलवारीच्या पात्यासाठी आणि चिलखताच्या कडांसाठी वेगळी ठेवावी.

बैठकी मोजून त्यांचे व्यास नोंदीतच लिहावेत. खेळात अंतर त्यांच्यापासून मोजले जाते.

शेवटी, सैनिकावर पुटी लावल्यावर मळलेल्या गोळ्यातला वाटाण्याएवढा तुकडा त्याच्याशेजारी कागदावर ठेवावा. दुसऱ्या दिवशी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मारण्यापूर्वी नख त्या तुकड्यावर दाबून पाहावे. खूण उमटली, तर सैनिक अजून तसाच राहू द्यावा.