विद्यापीठातलं व्याख्यान ऐकायला जायचंय? अशी करा तयारी

विद्यापीठांत होणाऱ्या व्याख्यानांपैकी बरीचशी कोणालाही खुली असतात, बहुतेक वेळा विनाशुल्क. तरी बाहेरची माणसं दारापाशी अडखळतात, कारण आपल्याला काही कळणार नाही अशी धास्ती असते. पण सगळं कळायलाच हवं असं कुठे आहे? एक नवा प्रश्न घेऊन घरी आलात तरी तो तास सार्थकी लागला.

१. आधी प्रकार ओळखा

सूचनेत 'सार्वजनिक व्याख्यान' किंवा 'स्मृतिव्याख्यान' असं लिहिलं असेल तर ते सर्वांसाठी आहे. नव्याने प्राध्यापक झालेल्यांचं पहिलं जाहीर व्याख्यानही सहसा सोप्या भाषेत असतं. 'कोलोक्वियम' अख्ख्या विभागासाठी असतो, त्यामुळे त्याचा सुरुवातीचा भाग बाहेरच्यालाही झेपतो. 'सेमिनार' मात्र त्याच विषयात काम करणाऱ्यांचा. तिथे वक्त्याला मध्येच थांबवून खोदून विचारतात. सुरुवात सार्वजनिक व्याख्यानाने करा. नोंदणी किंवा ओळखपत्र लागतं का, तेवढं आधी पाहून ठेवा.

२. गोषवारा दोनदा वाचा

सूचनेखाली आठ-दहा ओळींचा गोषवारा असतो. त्यातले अनोळखी शब्द अधोरेखित करा आणि त्यांतले फक्त तीन शोधून वाचा. मग आपल्याला काय जाणून घ्यायचंय, ते एका वाक्यात वहीत लिहा. याला वीस मिनिटं पुरतात, आणि ऐकण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

३. थोडं लवकर पोचा

शक्यतो पुढे बसा. मध्येच निघायचं असेल तर दाराजवळची कडेची खुर्ची बरी. फोन बंद ठेवा. रेकॉर्डिंग किंवा स्लाइडचे फोटो विचारल्याशिवाय नको, कारण कधीकधी अजून प्रसिद्ध न झालेलं संशोधन पडद्यावर असतं.

४. टिपणं घ्या, पण सगळं उतरवू नका

पुढे मोठा शास्त्रज्ञ झालेला मायकेल फॅरडे बुकबाइंडरकडे उमेदवारी करत होता तेव्हाची गोष्ट. दुकानातल्या एका ग्राहकाने त्याला तिकिटं दिली आणि १८१२ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत त्याने रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांची व्याख्यानं ऐकली. घरी येऊन त्याने टिपणं आकृत्यांसह नीट लिहून काढली, स्वतःच बांधली आणि डेव्हींना पाठवून दिली. १८१३ मध्ये तो तिथल्याच प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला. विद्यापीठाचं तोंडही न पाहिलेल्या मुलाला त्या टिपणांनी विज्ञानाचं दार उघडून दिलं, म्हणून मला ही पायरी फार मोलाची वाटते.

पानावर उभी रेघ मारा. डावीकडे रुंद जागेत वक्त्याचं म्हणणं, उजवीकडच्या पट्टीत तुमचं. समजा, विषय वटवाघळांचा आहे. डावीकडे येईल: 'भक्ष्य जवळ आलं की आवाज फार भराभर काढतात.' उजवीकडे: 'स्वतःच्याच आवाजाने कान बधिर होत नाहीत?' ही उजवी पट्टीच पुढे कामाला येते.

मध्येच धागा सुटेल. तो सगळ्यांचाच सुटतो, त्या विषयातल्या जाणकारांचाही. अशा वेळी मागचं आठवत बसू नका. समासात फुली मारा आणि वक्ता 'थोडक्यात' किंवा 'आता पुढचा मुद्दा' म्हणेल तिथून पुन्हा ऐकू लागा.

५. प्रश्न विचारा

मला विचाराल तर व्याख्यानाचा खरा गाभा शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत असतो. तिथे वक्ता लिहून आणलेलं बाजूला ठेवतो आणि तुमच्यासमोर विचार करतो. म्हणून ती मिनिटं वाया घालवू नका. 'प्रश्न नाही, थोडं मत मांडतो' अशी सुरुवात झाली की सभागृहाचा वेळ गेलाच म्हणून समजा.

हात वर करा, माइक येईपर्यंत थांबा, नाव सांगा आणि एक-दोन वाक्यांत एकच प्रश्न विचारा. 'वटवाघळांबद्दल आणखी सांगाल का?' याला उत्तर देणं कठीण, कारण यात धरायला काही नाही. त्याऐवजी उजव्या पट्टीतलं वाचा: 'आवाज काढताना त्यांचे स्वतःचे कान बधिर कसे होत नाहीत?' मग कळतं, की आवाज निघायच्या क्षणी मधल्या कानातला एक बारीकसा स्नायू आखडतो, ऐकणं क्षणभर मंदावतं आणि प्रतिध्वनी यायच्या आत तो सैल होतो. असं उत्तर विचारल्याशिवाय मिळालं नसतं.

काहीच सुचलं नाही तर दोन प्रश्न जवळपास कुठेही चालतात: 'हे चुकीचं ठरायचं असेल तर कोणता पुरावा सापडावा लागेल?' आणि 'तुमचं म्हणणं कोणाला पटत नाही, आणि का?' प्रश्न साधा आहे म्हणून गप्प राहू नका. शेजारच्या चौघांनाही बहुधा तोच पडलेला असतो.

६. संपल्यावर लगेच निघू नका

वक्त्याभोवती घोळका जमतो. दोन मिनिटं थांबून एवढंच विचारा: 'या विषयात नवख्याने आधी काय वाचावं?' आवडत्या विषयाबद्दल असं कोणी विचारलं की बहुतेक अभ्यासक खुलून सांगतात. त्याच रात्री वही न उघडता पाच ओळी आठवून लिहा आणि मग टिपणांशी ताडून पाहा. वाचायला सुचवलेलं नाव मात्र तिथे उभ्या-उभ्याच लिहून घ्या. घरी पोचेपर्यंत ते डोक्यातून गेलेलं असतं.