एसएसएचला हात लावताय? पहिली विंडो बंद करू नका
लिनक्स सर्व्हर शिकताय ना, मग ही सवय आजच लावून घ्या. मी घणसोलीच्या घरून महापेच्या सर्व्हरवर एसएसएचचा (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) पोर्ट, म्हणजे कनेक्शन जिथे येतं तो नंबर, 22 चा 2222 केला, फायरवॉलमध्ये नवीन पोर्ट उघडायचा राहिला आणि लॉगआउट केलं, झालं, रात्री 11 ला रिक्षा करून तिकडे जावं लागलं. आता आधी एसएसएचच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलची कॉपी काढतो, मग 'sudo sshd -t' ही कमांड मारतो (ही फक्त फाइलमधली चूक पकडते, फायरवॉलचं तिला काही कळत नाही), एरर नसेल तरच एसएसएच सर्व्हिस रीस्टार्ट (अख्खा सर्व्हर नाही), आणि दुसऱ्या विंडोतून नवीन लॉगिन झाल्याशिवाय पहिली सोडत नाही, कारण रीस्टार्टनंतरही चालू सेशन तुटत नाही, तिथूनच सगळं पूर्ववत करता येतं.