दसऱ्यानंतरची परसबाग : भाजीच्या वाफ्यातच लावा फुलं

दसरा झाला, तोरणं उतरली की बियाण्यांच्या दुकानात गर्दी सुरू होते. मेथी, पालक, धणे, मुळा, गाजर अशी पाकिटं घरी येतात आणि त्याच रविवारी सगळी जमिनीत जातात. इथेच थोडं थांबायला हवं. ऑक्टोबरचं दुपारचं ऊन पावसाळ्यातल्या उघडिपीपेक्षा कडक असतं. त्या उन्हात पालक विरळ उगवतो आणि कोथिंबीर चार पानांवरच फुलायला बघते. म्हणून हीट ओसरेपर्यंतचे आठ-दहा दिवस जमीन तयार करण्यात आणि रोपं टाकण्यात घालवा.

पावसाने बसलेली माती कुदळीने वीतभर खोल खणा, हराळी आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढा आणि ढेकळं चार दिवस उन्हात पडू द्या. मग चौरस मीटरला दोन ते अडीच किलो पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळा. खत मुठीत धरल्यावर शेणाचा वास आला तर ते अजून कच्चं आहे. कच्च्या खताबरोबर हुमणी (मुळं कुरतडणारी पांढरी अळी) येते, आणि त्यात गाजर-मुळा पेरला तर त्यांना पायजम्यासारखे फाटे फुटतात. गच्चीवर वाफे करणार असाल तर वजनाचा हिशेब आधी करा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि फूटभर खोल वाफ्यातली ओली माती साधारण साडेचारशे-पाचशे किलो भरते. जुन्या इमारतीत जाणकाराला विचारल्याशिवाय असे वाफे घालू नका. निम्मं कोकोपीट आणि गांडूळखत घातलं की भार बराच कमी होतो.

टोमॅटो, वांगी आणि मिरचीची रोपं याच काळात टाका. बी त्याच्या जाडीच्या दुप्पटच खोल जावं. मुंग्या बी पळवतात म्हणून कडेने राखेची रेघ ओढा. उगवून आलेली रोपं जमिनीलगत काळी पडून आडवी होऊ लागली तर तो रोप कोलमडण्याचा रोग, आणि बहुतेक वेळा त्यामागे जास्तीचं पाणी असतं. पाणी सकाळी द्या, संध्याकाळी नको. टोमॅटोचं रोप २५ ते ३० दिवसांत लागणीला येतं, वांगी-मिरचीला पाच-सहा आठवडे लागतात. चार माणसांच्या घराला टोमॅटोची सहा, मिरचीची चार आणि वांग्याची तीन झाडं पुरतात. वांग्यात मांजरी गोटा, मिरचीत पुसा ज्वाला हे परसबागेला जुने आणि भरवशाचे वाण.

कोबी-फ्लॉवर मात्र लहान बागेत लावूच नयेत, असं माझं स्पष्ट मत. एक झाड दीड-दोन फूट जागा तीन महिने अडवून बसतं आणि देतं एक गड्डा, तोही जानेवारीत बाजारात गड्डा स्वस्त असताना. तेवढ्या जागेत मेथीच्या तीन पेरण्या होतात.

आता झेंडू. बहुतेक घरी तो फाटकाजवळ शोभेला लावतात, पण त्याची खरी जागा टोमॅटोच्या ओळीत आहे. टोमॅटोची फळं पोखरणाऱ्या हिरव्या अळीचा पतंग झेंडूच्या फुला-कळ्यांवर आवडीने अंडी घालतो, म्हणजे झेंडू टोमॅटोसाठी सापळा ठरतो. म्हणून शेतातही टोमॅटोच्या दर चौदा-सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ लावायची शिफारस आहे. घरच्या वाफ्यात दर तीन-चार टोमॅटोंमागे एक झेंडू ठेवा. यात वेळ महत्त्वाची. टोमॅटोला फुलं येतात तेव्हा झेंडू फुललेला हवा, म्हणून झेंडूचं बी टोमॅटोच्या पंधरा-वीस दिवस आधी टाका. आणि नुसता लावून सोडून देऊ नका. दर दोन-तीन दिवसांनी फुलं उलगडून पाहा. खसखशीच्या दाण्याएवढी पांढुरकी अंडी किंवा कोवळी अळी दिसली की ते फूल खुडून साबणाच्या पाण्यात टाका. हे केलं नाही तर झेंडू सापळा न राहता अळ्यांचं माहेर होतो.

झेंडूच्या मुळांतून पाझरणारी द्रव्यं सूत्रकृमींना (मुळांत शिरणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कृमींना) मारक असतात, हेही खरं. मागच्या वर्षी टोमॅटो किंवा भेंडी उपटताना मुळांवर गाठी दिसल्या असतील तर जमिनीत सूत्रकृमी आहेत. पण त्यासाठी कोपऱ्यात दोन झाडं लावून भागत नाही. तो वाफा दोन-अडीच महिने दाट झेंडूलाच द्यावा लागतो आणि नंतर त्यात भाजी घ्यायची. कोकण-गोव्यातल्या अबोलीलाही ही कीड फार लागते. अबोली वाढेनाशी झाली, पानं पिवळट पडली, तर खत ओतण्याआधी एक झाड उपटून मुळं पाहा.

बी कुठून आणायचं? तोरणातली वाळलेली फुलं चुरगाळून टाकायची पद्धत घरोघर आहे, ती वाईट नाही. फूल मधोमध फोडलं की सुईसारखं बी दिसतं. खालचं टोक काळं, वर फिकट कुसळं. काळं आणि टणक तेवढं घ्या, पांढरं पोचट उगवत नाही. बाजारातली बरीचशी फुलं संकरित वाणांची असल्यामुळे रोपं एकसारखी येणार नाहीत, फूल लहान-मोठं निघेल. सापळ्याच्या कामाला ते चालतं. सारखी, टपोरी फुलं हवी असतील तर पुसा नारंगी किंवा पुसा बसंतीचं बी विकत आणा.

पालेभाज्या नोव्हेंबर लागल्यावर, आणि तुकड्या-तुकड्याने. आज तीन फूट मेथी, पुढची तीन फूट दहा-बारा दिवसांनी. एकदम पेरलेली मेथी एकदम काढायला येते आणि मग शेजारीपाजारी वाटत बसावी लागते. मेथी २५ ते ३० दिवसांत तयार होते. धणे फरशीवर पसरून जुन्या चपलेने हलके रगडा, प्रत्येकाच्या दोन फाकी झाल्या पाहिजेत. पीठ होऊ देऊ नका. मग रात्रभर भिजवून पेरा. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात, तोवर वाफा उकरून पाहू नका. पालक मुळासकट न उपटता दोन बोटं वर कापला तर तीन-चार कापण्या सहज मिळतात. गाजर-मुळ्याचं बी जागेवरच टोकावं, रोप उचलून लावलं तर मूळ वाकडं होतं. उगवल्यावर विरळणी करताना हात आखडू नका, मुळ्याच्या दोन रोपांत चार बोटं अंतर हवंच. दोन मुळे तसेच राखले तर पुढे डिंगऱ्यांची (मुळ्याच्या शेंगांची) भाजी होते.

कोकणात भात कापल्यावर खाचरात राहिलेल्या ओलीवर वाल टोकतात, तीच रीत परसात कुंपणालगत चालते. वाल लावताना शेजारच्या आजीबाईंकडचं बी मिळालं तर पाकिटाच्या मागे लागू नका. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती अशीच गावठी बियाणी जपल्याबद्दल, आणि वालाचे किती प्रकार एका परसात नांदू शकतात हे त्यांच्याकडे पाहून कळतं. वालाच्या शेंड्यावर काळा मावा येणारच. मावा खाणारे ढालकिडे दिसत असतील तर औषध न फवारता नुसता पाण्याचा जोरदार फवारा मारा. मावा आवरेनासा झाला तरच पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळायची, किंचित साबण घालून संध्याकाळी फवारायची. उरलेला अर्क ठेवू नका.

शेवंतीबद्दल एकच सांगायचंय. झाड हिरवंगार, कळी मात्र नाही, ही तक्रार असेल तर वर बघा. बहुधा बाहेरचा दिवा रात्रभर जळत असतो. शेवंतीला कळी धरायला दिवस लहान आणि रात्र सलग अंधारी लागते. जात झिप्री असो की राजा, कुंडी दिव्यापासून हलवा. शेंडे खुडणं आता पूर्ण बंद करा, काठीचा आधार द्या.

गुलाबाची छाटणी ऑक्टोबरच्या मध्यात उरकली असेल तर साधारण दीड महिन्याने फुलं येतात. राहिली असेल तर आता लगेच करा. मोगऱ्याचं उलट आहे. नोव्हेंबरअखेरीस पाणी तोडा, पानं गळू द्या, छाटणी डिसेंबर-जानेवारीत करा. हिवाळ्यात लाडाने पाणी घातलेला मोगरा उन्हाळ्यात नुसता पाला देतो.

निफाड, धुळे, विदर्भ इकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो. तशी रात्र दिसली तर सूर्य मावळायच्या आधी वाफ्याला हलकं पाणी द्या आणि कोवळ्या रोपांवर जुनी साडी अंथरा. ती पानांना टेकणार नाही अशी चार काठ्यांवर ताणा आणि ऊन आलं की काढा. या दिवसांत टोमॅटोची फुलं गळतात, वांगंही रुसतं. त्यावर औषध मारू नका, जास्तीचं खतही देऊ नका. थंडी सैल झाली की फळधारणा आपोआप पुन्हा सुरू होते.